मोठ्या नळीची रायफल आणि बऱ्हाणपूरचं रान

बऱ्हाणपूर म्हटलं की आपल्या लोकांना मावा जिलेबी आठवते, दराबा आठवतो, असीरगड आठवतो. फार झालं तर मुमताजमहलची पहिली कबर. बंदूक मात्र कुणाला आठवत नाही. खरं तर मोठ्या जनावराच्या शिकारीला कोणती बंदूक घ्यावी, या प्रश्नावर ज्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी अख्खं पुस्तक लिहिलं, तो याच निमाडात साहेब म्हणून नांदून गेला.

माझं माहेर जसोंडीचं, बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं. मंडळाच्या कार्यक्रमांत तरुण मुलं भेटतात, त्यांच्या मोबाइलवर आफ्रिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ असतात. ‘फोर फिफ्टी’, ‘फोर सिक्स्टीन रिग्बी’, ‘थ्री सेव्हंटी फाइव्ह मॅग्नम’ हे शब्द त्यांना पाठ आहेत. त्या आकड्यांमागे काय आहे आणि त्यांचा आपल्या रानाशी काय संबंध, हे मात्र कुणी सांगत नाही. मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि लहानपणी वडिलांच्या दुनळीला तेल लावायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून हा खटाटोप.

दानियालची बंदूक

तापीच्या पलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. फारसीत ‘आहू’ म्हणजे हरिण. मुघलांची ही हरणांची राखीव बाग, म्हणजेच शिकारीची जागा. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला आधी इथेच जैनाबादच्या बागेत पुरलं होतं. काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला.

आहूखाना अकबराचा मुलगा दानियाल याने उभारला असं सांगतात. दख्खनची सुभेदारी त्याच्याकडे होती. त्याला दोन नाद होते, बंदुकीची शिकार आणि दारू. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की दानियालने एका आवडत्या बंदुकीला नाव दिलं होतं, ‘यका-ओ-जनाजा’. म्हणजे जिच्या समोर जो आला, त्याची तिरडीच उचलायची. पुढे त्याची दारू बंद केली गेली आणि पहारे बसले. तेव्हा त्याने एका बंदूकधारी सेवकाला गळ घातली. सेवकाने त्याच बंदुकीच्या नळीत दारू भरून आणली. नळीतला गंज आणि जुन्या बारुदाची घाण त्या दारूत उतरली. ती प्यायल्यावर दानियालने अंथरूण धरलं आणि १६०५ च्या सुमारास बऱ्हाणपुरातच तो गेला. बंदुकीचं नाव तिच्या मालकालाच लागू पडलं.

‘बोअर’ म्हणजे नेमकं काय?

आता आकड्यांकडे वळू. जुन्या बंदुकीचं माप शिशाच्या गोळीवरून ठरे. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या आणि त्यातली एक नळीत बरोबर बसली, की ती १२ बोअरची बंदूक. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. १२ बोअरची गोळी साधारण ३८ ग्रॅमची, ८ बोअरची ५७ ग्रॅमची. ४ बोअरची एकेक गोळी तर ११३ ग्रॅम, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षाही जड.

रायफल वेगळी. तिच्या नळीच्या आतून पेचदार खाचा पाडलेल्या असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. रायफलचं माप इंचात सांगतात. .४५० म्हणजे नळीचा व्यास सुमारे पाऊण इंचाच्याही बराच आत, अर्ध्या इंचाला थोडा कमी. इथे मात्र आकडा मोठा तर नळी मोठी. ही दोन मापं एकत्र झाली की गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

निमाडचा साहेब

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे नाव पचमढीला गेलेल्यांनी ऐकलं असेल. १८६२ साली त्याने तिथे बायसन लॉज बांधली. आज तिथे संग्रहालय आहे. हाच माणूस पुढे निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर होता. गावोगावच्या जमिनीची प्रत, पाणी, सारा यांची नोंद त्याच्या हाताखाली झाली. १८६० च्या सुमारापर्यंत बऱ्हाणपूर शहर शिंदे सरकारचं होतं. ते इंग्रजांकडे गेल्यावर या भागाचा बंदोबस्त झाला, तो याच काळातला. सातपुड्याच्या रानांवरचं त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ साली निघालं. त्याच वर्षी, तिशी जेमतेम ओलांडलेली असताना, तो वारला.

त्याआधी १८६० च्या दशकात त्याने ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. त्या वेळी विलायतेत बारीक नळीच्या, लांबट गोळीच्या, लांब पल्ल्याच्या रायफलींची हवा होती. फॉर्सिथचं म्हणणं असं, की आमच्या रानात पाचशे यार्डांवरचं जनावर दिसतच नाही. सागाच्या दाटीत, बांबूच्या बेटात, नाल्याच्या वळणावर ते शंभर पावलांच्या आत समोर येतं. तेव्हा लांब पल्ला काय कामाचा? तिथे हवी मोठी, गोल, जड गोळी आणि तिच्यामागे भरपूर बारूद. त्याची पसंती होती १४ बोअरच्या रायफलीला.

अडचण एवढीच होती, की नळीतला पेच घट्ट असला आणि बारूद जास्त भरली तर गोल गोळी खाचा सोडून तशीच घसरत बाहेर येई. मग नेम कुठला? फॉर्सिथने उपाय सुचवला तो संथ पेचाचा. सुमारे शंभर इंचांत एकच वेढा. त्यामुळे जादा बारूद भरूनही गोळी खाचा धरून राहते. आजही ठासणीच्या रायफली हौसेने बनवणारे परदेशातले कारागीर या पेचाला ‘फॉर्सिथ रायफलिंग’ म्हणतात.

एका बंदीने बदललेले आकडे

फॉर्सिथनंतर तीसेक वर्षांत काळी बारूद मागे पडली आणि धूर न होणारं कॉर्डाइट आलं. १८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस काढलं. ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास वेग. जुन्या ४ बोअरच्या अवजड तोफेचं काम आता पाच किलोची रायफल करू लागली. हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत तिची चलती झाली.

मग सरकारच आडवं आलं. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० चीच होती. सरहद्दीवर आणि सुदानात ती बंडखोरांच्या हाती पडलेली. शिकारीची काडतुसं त्यांच्यापर्यंत पोहोचली तर त्यातल्या गोळ्या आणि बारूद काढून वापरता येईल, ही भीती. म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० नळीच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली.

बंदूक बनवणाऱ्यांनी लगेच वाट काढली. नळी केसभर रुंद केली, की ती .४५० राहत नाही! अशी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी मापांची रांगच पुढे आली. आज आफ्रिकेत दुनळी रायफल घेणाऱ्यांमध्ये .४७० सर्वांत लोकप्रिय आहे. ते माप लोकांच्या हातात गेलं, त्याला कारण आपल्या इथली सरकारी बंदी.

तीच रीत आजही चालू आहे. .३०३ हे लष्करी काडतूस, म्हणून सामान्य माणसाला ते मना. मग सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी बनली .३१५. आपल्या गावाकडे परवान्याची रायफल म्हणजे बहुधा तीच. आपल्याकडे रायफलचं माप जनावराने ठरवलं त्यापेक्षा जास्त कायद्याने ठरवलं आहे.

निवड करताना काय पाहत?

सातपुड्यातलं सगळ्यात मोठं जनावर वाघ नाही, रानगवा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत जातो, खांद्याला सहा फुटांच्या आसपास. वाघ दोनशे किलोच्या घरात. अशा जनावरांसाठी रायफल घेताना जुने जाणते शिकारी चार गोष्टी पाहत.

पहिली, गोळी. वाघाची कातडी आणि हाडं त्या मानाने हलकी. त्याला मऊ टोकाची, आत जाऊन पसरणारी गोळी. गव्याला तीच मारली तर खांद्याच्या जाड हाडावरच फुटून जाते. त्याला पूर्ण धातूचं कवच असलेली, न पसरता खोल जाणारी गोळी लागे. रायफल तीच, काडतूस चुकलं तर सगळं चुकलं.

दुसरी, वजन. इथे न्यूटनचा तिसरा नियम लागू होतो. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. रायफल हलकी असेल तर ती खांद्यावर जास्त वेगाने आदळते. म्हणून .४५० ची दुनळी ५ किलोची, .५७७ ची ६ किलोच्या पुढे, .६०० ची ७ किलोच्या वर. तरीही .४५० चा धक्का साध्या .३१५ च्या अडीच-तीन पट बसतो. सकाळपासून सात किलो खांद्यावर वागवून ऐन वेळी हात थरथरला, तर त्या ताकदीचा उपयोग काय? साहेब लोक यावर तोडगा काढत. रायफल दुसऱ्याच्या खांद्यावर देत. त्या दुसऱ्याबद्दल पुढे बोलू.

तिसरी, दुनळी की बोल्ट? दुनळीत दोन स्वतंत्र घोडे, दोन स्वतंत्र चाप. एक बार फुसका गेला तरी दुसरा क्षणात तयार, नजर जनावरावरून हलवावी लागत नाही. पण दोन्ही नळ्यांची गोळी ठरावीक अंतरावर एका जागी पडावी म्हणून कारागिराला त्या पुन्हा पुन्हा झाडून जुळवाव्या लागत. त्यामुळे तिची किंमत राजेरजवाड्यांना परवडणारी. बोल्ट रायफल स्वस्त, चार-पाच काडतुसं घेणारी. १९११ ची .४१६ रिग्बी आणि १९१२ ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड ही या जातीतली दोन मोठी नावं. ज्याला एकच रायफल घ्यायची आहे त्याने .३७५ घ्यावी, असं शिकारी आजही म्हणतात. १९ ग्रॅमची गोळी, सोसवेल असा धक्का आणि हरणापासून गव्यापर्यंत सगळ्याला पुरेल असा जोर.

चौथी आणि सगळ्यांत मोठी, नेम. जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी प्रसिद्ध रिग्बी भेट मिळाली, ती होती .२७५ ची, म्हणजे बारीक नळीची. त्याच्याकडे जड दुनळीही होती, पण या लहान रायफलीवर त्याने पुष्कळ विश्वास टाकला. मोठी नळी चुकलेला नेम सुधारत नाही. पोटात लागलेली मोठी गोळी ही छातीत लागलेल्या लहान गोळीपेक्षा कितीतरी वाईट, कारण जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत शिरतं.

जखमी जनावराच्या मागे कोण जाई?

मोठ्या रायफलीची सगळी चर्चा शेवटी या प्रश्नापाशी येते. मचाणावरून गोळी साहेबाने किंवा राजाने झाडायची. त्याआधी ढोल-डबे वाजवत हाका करायचा तो गावकऱ्यांनी. रक्ताचे थेंब आणि मोडलेलं गवत पाहत झाडीत आधी पाऊल टाकायचं ते माग काढणाऱ्याने. आपल्या भागात तो कोरकू असे, भिल्ल असे. त्याच्या हातात कुऱ्हाड, फार तर दुसऱ्याची रायफल. जखमी वाघ आधी ज्याच्यावर येई, तो हा माणूस. पुस्तकांत शिकाऱ्यांची नावं छापली गेली, फोटोत वाघावर पाय ठेवून तेच उभे राहिले. माग काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नावं उरली.

म्हणून मला वाटतं, फॉर्सिथसारख्यांचा मोठ्या नळीचा आग्रह हा नुसता मर्दुमकीचा मामला नव्हता. जनावर जागच्या जागी पडलं तर त्याचेही हाल होत नाहीत आणि मागे जाणाऱ्याचाही जीव वाचतो. ‘भारी’ रायफल म्हणजे एका गोळीत काम संपवणारी. जिच्यामुळे दुसऱ्याला आपलं अर्धवट काम निस्तरावं लागत नाही, ती.

रान बदललं

विसाव्या शतकात बंदुका वाढल्या, मोटारी आल्या, त्यावर झगझगीत दिवे आले आणि रानं रिकामी झाली. १९५८ साली कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा असलेलं दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९७० च्या सुमारास वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या ९ प्रकल्पांत आपल्या शेजारचं मेळघाट होतं. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला उरलीसुरली दारंही बंद झाली. आज वाघ, बिबट्या, अस्वल, गवा हे सगळे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केली तर किमान ३ वर्षं आणि ७ वर्षांपर्यंत कैद.

तेव्हा भारतात मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफल निवडणं हा आता हौशी माणसाचा विषयच राहिलेला नाही. नरभक्षक ठरलेला वाघ किंवा पिसाळलेला हत्ती असेल, तर निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा आणि तोही पकडण्याचे उपाय थकल्यावर.

जसोंडीतली दुनळी

तरीही प्रश्न घरापर्यंत येतोच. आमच्या दादाच्या नावावर वडिलांची १२ बोअरची दुनळी होती. तो सत्तरीला आला. भाचा शेती पाहतो, त्याच्या केळीत रानडुकरं घुसतात. एका रात्रीत पन्नास-साठ खोडं आडवी झालेली मी पाहिली आहेत; त्या पोराचा राग मला कळतो. तो म्हणाला, ‘‘आत्या, ही दुनळी देऊन टाकू आणि एखादी जुनी थ्री सेव्हंटी फाइव्ह बघू. एका बारात डुक्कर गार.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, रात्री केळीच्या बागेत तुला किती लांबचं दिसतं?’’

‘‘दहा-बारा फूट.’’

‘‘आणि ती गोळी किती लांब जाते?’’

तो गप्प बसला. रायफलची गोळी डुकराच्या आरपार जाऊन दीड-दोन किलोमीटरवरही माणूस मारू शकते. केळीच्या खोडाने ती थांबत नाही. पलीकडच्या शेतात रात्री पाणी द्यायला आलेला माणूस असतो, झोपडीत मजूर कुटुंब झोपलेलं असतं. हजार किलोच्या गव्यासाठी केलेली रायफल गावाच्या शिवारात आणायची नसते, हे त्याला भौतिकशास्त्रानेच पटलं.

उरला कायदा. रानडुक्कर आणि नीलगाय आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाची नासाडी करत असले तरी अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्यांना मारणं हा गुन्हाच. परवान्याची बंदूक घरात आहे म्हणजे शिकारीचा परवाना आहे असं नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तारेत थेट वीज सोडण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. त्याने दरवर्षी डुकरांबरोबर माणसंही मरतात.

घरात बसून आम्ही हिशेब केला. बागेभोवती सौर कुंपण घातलं. त्याचा झटका क्षणाक्षणाने बसतो, जनावर पळतं, मरत नाही. दुनळी पुढे चालवायची नाही असं ठरलं. दादाने ती एकदा शेवटची पुसली, तेल लावलं आणि रीतसर जमा केली. भाचा काही दिवस नाराज होता. पण ठाण्यातून पावती घेऊन तोच आला.

तुमच्या घरात जुनी बंदूक असेल तर

खानदेश, निमाड, वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत भिंतीवर किंवा कपाटात अशी एखादी बंदूक असते आणि पोरं पुण्याला, इंदूरला, परदेशात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. परवानाधारक वारला तर बंदूक ‘आपलीच आहे’ म्हणून ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती जपायची.

वारसाला ती हवी असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो ७० वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल तर, वारसाला अर्ज करता येतो. मंजुरी मिळेलच असं नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीन नव्हे, दोनच शस्त्रं ठेवता येतात. जास्तीचं जमा करायचं.

आणि ज्यांना खरोखर रायफलची ओढ आहे, त्यांच्यासाठी नेमबाजीचा खेळ आहे. कोल्हापूरच्या मातीतल्या तेजस्विनी सावंतने २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. दोघांच्याही हातात होती .२२ ची, म्हणजे अगदी बारीक नळीची रायफल. तिच्या गोळीचं वजन तीन ग्रॅमच्याही आत.

पुढच्या वेळी बऱ्हाणपूरला गेलात तर जिलेबी खाऊन तापीपलीकडे आहूखान्यापर्यंत जाऊन या. सोबत मुलं असतील तर त्यांना दानियालच्या बंदुकीचं नाव सांगा, आणि ते शेवटी कुणाला लागू पडलं, तेही सांगा.